गाळणीची छाननी : द्रव वर्णलेखनापूर्वी नमुना गाळण्याचा इतिहास

मराठीत ‘गाळणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. चहा गाळतात, पाणी गाळतात, काढा गाळतात. हा पहिला अर्थ. प्रश्नपत्रिकेत ‘गाळलेल्या जागा भरा’ असे छापलेले असते, हा दुसरा. पहिल्या अर्थाने नको ते बाजूला काढले जाते, तर दुसऱ्या अर्थाने हवे असलेलेच वगळले जाते. उर्दूतील ‘छानना’ या क्रियापदाचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. पीठ चाळणे, पाणी गाळणे या घरगुती कामांवरून ते ‘कसून तपासणे’ या अर्थापर्यंत पोहोचले. ‘छानबीन’ हा शब्द त्यातूनच घडला, आणि उमेदवारी अर्जांची होणारी ‘छाननी’ हाही त्याच घराण्यातील शब्द होय. एकाच कृतीतून स्वच्छ करणे, वगळणे आणि तपासणे असे तीन अर्थ निघावेत, हे केवळ भाषेचे वैशिष्ट्य नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गाळणीचा जो इतिहास घडला त्यातही हेच तीन अर्थ एकामागून एक पुढे आलेले दिसतात.

आज औषधांच्या गुणवत्ता-तपासणीत उच्चक्षमता द्रव वर्णलेखन, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘एचपीएलसी’ म्हणतात, ही पद्धत अत्यंत महत्त्वाची मानली जाते. हैदराबाद, वडोदरा, गोवा, इंदूरजवळील पीथमपूर अशा ठिकाणच्या औषध-कारखान्यांत विज्ञानाचे अनेक पदवीधर याच यंत्रासमोर नोकरीची सुरुवात करतात. गोळी कुटायची, द्रावकात विरघळवायची, सिरिंजला लहानशी गाळणी लावून द्रावण काचेच्या कुपीत उतरवायचे आणि कुपी यंत्रात ठेवायची, असा हा क्रम असतो. यंत्राची माहिती अभ्यासक्रमात येते. गाळणीची माहिती बहुधा एका ओळीत संपते. ‘द्रावण गाळून घ्यावे’ एवढीच ती ओळ. या ओळीमागे हजार वर्षांचा इतिहास आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास निकाल उलटा लागू शकतो.

कापड, वात आणि अर्क

गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून ते स्वच्छ करण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. तीत गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळते. गाळण्याची क्रिया याहून वेगळी; तीत द्रव एखाद्या सच्छिद्र वस्तूतून पार होतो. किमयेच्या ग्रंथांत या क्रियेला स्वतंत्र स्थान मिळाले. अबू बक्र मुहंमद बिन झकरिया अल्-राझी (मृत्यू सुमारे ९२५) याने ‘किताब अल्-असरार’ या ग्रंथात प्रयोगशाळेतील उपकरणांची पद्धतशीर यादी दिली. भट्ट्या, मुशी आणि अर्क काढण्याची भांडी यांच्याबरोबर तीत गाळणीही आहे. एच. ई. स्टेपल्टन, आर. एफ. आझो आणि एम. हिदायत हुसैन यांनी राझीच्या रसायनविद्येवर लिहिलेला विस्तृत अभ्यास १९२७ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालने प्रसिद्ध केला. रसायनाच्या इतिहासात तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘गेबेर’ या नावाने प्रसृत झालेल्या ‘सुम्मा पर्फेक्शनिस’ या लॅटिन ग्रंथात ऊर्ध्वपातनाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक प्रकार चक्क गाळण्याचा आहे. वरच्या भांड्यातील द्रवात कापडाच्या वातीचे एक टोक बुडवायचे आणि दुसरे टोक खालच्या भांड्यात सोडायचे. स्वच्छ द्रव थेंबाथेंबाने खाली उतरतो. आजच्या वाचकाला हे वर्गीकरण चमत्कारिक वाटेल. मात्र लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘थेंब थेंब गळणे’ एवढाच आहे. अरबी-उर्दूतील ‘तक्तीर’ हा शब्दही ‘कतरा’, म्हणजे थेंब, यावरूनच बनला आहे. थेंब वाफेतून आला की वातीतून, हा भेद त्या काळी दुय्यम होता. थेंब स्वच्छ आहे, हे मुख्य होते. अर्थात स्वच्छतेचा निकष डोळा हाच होता. जे नितळ दिसते ते शुद्ध, ही समजूत पुढे अनेक शतके टिकली.

गाळणी स्वतः काय देते?

या समजुतीला पहिला धक्का तराजूने दिला. एकोणिसाव्या शतकात भारमापन विश्लेषण प्रगत झाले. द्रावणातील पदार्थाचा अवक्षेप करायचा, तो कागदावर गाळायचा, कागदासह जाळायचा आणि उरलेल्या अवशेषाचे वजन करायचे, अशी ही पद्धत. यात अडचण अशी की कागद जळाल्यावर त्याचीही राख उरते. ती अवक्षेपाच्या वजनात मिसळली म्हणजे निकाल चुकीने जास्त येतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ योन्स याकोब बर्झेलियस (१७७९–१८४८) ग्रीक्सबू येथील गिरणीत तयार होणारा विशेष शुद्ध कागद वापरीत. हाच ‘स्वीडिश गाळणकागद’ पुढे युरोपभर प्रसिद्ध झाला. १८८० च्या दशकात जर्मनीतील श्लायशर आणि श्युल या कंपनीने आम्लांनी धुऊन खनिजांश काढून टाकलेला, जवळजवळ राखविरहित कागद बाजारात आणला.

येथे गाळणीविषयीची पहिली मोठी जाणीव झाली. गाळणी द्रवातून केवळ काढून घेत नाही. ती स्वतःचेही काही देते. म्हणून पदार्थाचे मोजमाप करण्यापूर्वी गाळणीचे मोजमाप झाले पाहिजे.

गाळणीतून काय निसटते?

दुसरा धक्का जीवाणूशास्त्रातून बसला. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८८४ मध्ये झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळीसारखी गाळणी तयार केली. तिच्यातून पार झालेल्या पाण्यात जीवाणू आढळत नसत, म्हणून ते पाणी निर्जंतुक समजले जाई. १८९२ मध्ये रशियातील दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस या गाळणीतून काढला. रस नितळ होता, तरीही तो लावल्यावर निरोगी झाडे रोगट होत. १८९८ मध्ये हॉलंडमधील मार्टिनुस बेयेरिंक यांनी यातून धाडसी निष्कर्ष काढला. रोगाचे कारण जीवाणू नसून गाळणीतून पार जाणारे, पण सजीव पेशींत वाढणारे असे काही वेगळेच आहे. विषाणूची ओळख अशी गाळणीच्या अपयशातून झाली.

तिसरा धडा बराच उशिरा आणि आपल्या शेजारी मिळाला. बांगलादेशातील मतलब भागातील ६५ खेड्यांत रीटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी सुती साडी चार किंवा अधिक वेळा दुमडून तिच्यातून पिण्याचे पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. अशा घडीची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची असतात, तर पटकीचा जीवाणू एक-दोन मायक्रॉनचा. सुटा जीवाणू साडीतून सहज पार व्हायला हवा. परंतु पाण्यात तो सूक्ष्म प्लवकांच्या अंगाला चिकटून राहतो आणि प्लवक साडीत अडकतात. अर्थात एखादी वस्तू गाळणीत अडकेल की नाही, हे केवळ तिच्या आकारावर ठरत नाही. ती कशाला चिकटली आहे, यावरही ठरते. गावातील आयाबायांच्या उपयोगी पडलेले हे तत्त्व औषधाच्या प्रयोगशाळेतही तंतोतंत लागू पडते, हे पुढे दिसेल.

०.४५ हा आकडा आला कुठून?

आजच्या सिरिंज-गाळणीवर बहुधा ०.४५ किंवा ०.२ मायक्रॉन असे लिहिलेले असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या आकड्यांची कल्पना यावी. हे आकडे वर्णलेखनाने स्वतःसाठी शोधलेले नाहीत; ते जीवाणूशास्त्राकडून उसने आलेले आहेत.

गटिंगेन येथे रिचर्ड झिग्मोंडी आणि विल्हेल्म बाखमान यांनी १९१६ ते १९१८ या काळात सेल्युलोजच्या संयुगांपासून पातळ, सच्छिद्र पटल तयार केले. झिग्मोंडी यांना कलिल द्रावणांवरील संशोधनासाठी १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी जर्मन शहरांची पाणीव्यवस्था उद्ध्वस्त झाली, तेव्हा पाण्यातील जीवाणू झटपट मोजण्यासाठी ही पटले उपयोगी ठरली. युद्धानंतर अलेक्झांडर गोएट्झ यांनी हे तंत्र अमेरिकेत नेऊन विकसित केले. त्यातूनच १९५४ मध्ये मिलिपोर कंपनी उभी राहिली. पिण्याच्या पाण्यातील कोलिफॉर्म जीवाणू पकडण्यास ०.४५ मायक्रॉनचे पटल पुरेसे होते, म्हणून तो आकडा रूढ झाला.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस बोमन यांना असे आढळले की ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून गाळून निर्जंतुक मानलेल्या द्रावणांतही एक लहान जीवाणू शिल्लक राहतो. ‘स्यूडोमोनास डिमिन्यूटा’ या नावाने तो तेव्हा ओळखला जाई. आज त्याचे नाव ‘ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्यूटा’ असे आहे. त्यानंतर निर्जंतुकीकरणासाठी ०.२ किंवा ०.२२ मायक्रॉनचे पटल प्रमाण ठरले आणि त्याची परीक्षा याच जीवाणूने होऊ लागली. पटल म्हणजे एकसारखी भोके पाडलेला पत्रा नव्हे, तर ते स्पंजासारखे जाळे असते. त्यावरील आकडा भोकाची रुंदी सांगत नाही, पटलाची पकड सांगतो.

उसन्या आकड्यांचा प्रभाव केवढा असतो, याचे आणखी एक उदाहरण आहे. पाण्याच्या पृथक्करणात ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जे पार होईल ते ‘विरघळलेले’ आणि जे अडकेल ते ‘निलंबित’ अशी व्याख्याच रूढ झाली. लोहाचे अतिसूक्ष्म कलिल कण खरे तर विरघळलेले नसतात. पण ते गाळणीतून निसटतात आणि अहवालात ‘विरघळलेले लोह’ म्हणून नोंदले जातात. निसर्गातील भेद गाळणीने नुसता दाखवला नाही, तो ठरवला.

स्तंभ लहान कणांचा का झाला?

वर्णलेखनाचे जनक मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे आपल्या पद्धतीविषयी व्याख्यान दिले आणि १९०६ मध्ये तिला नाव दिले. पानांतील रंगद्रव्यांचे द्रावण त्यांनी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडले आणि रंगांचे पट्टे वेगळे झाले. ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थही ‘रंग’ असाच आहे. त्यांचा स्तंभ एका प्रयोगापुरता असे. काम झाले की भुकटी बाहेर काढीत आणि नवा स्तंभ भरीत. त्यामुळे वरच्या थरात कचरा साचला तरी तो त्या भुकटीबरोबरच निघून जाई.

१९४१ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंग यांनी विभाजन वर्णलेखनाचा सिद्धान्त मांडला. उत्तम विलगीकरणासाठी अत्यंत बारीक कण आणि मोठा दाब लागेल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगून ठेवले. या कार्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी कागदी वर्णलेखन प्रसिद्ध केले. त्यात व्हॉटमन कंपनीच्या गाळणकागदाची पट्टीच स्तंभाचे काम करीत असे. येथवर ज्या कागदाकडे कचरा अडवणारा म्हणून पाहिले जाई, तोच आता रेणूंना धरून ठेवणारा आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने सोडणारा म्हणून पुढे आला. गाळणकागद रेणूंच्या बाबतीत तटस्थ नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

मार्टिन आणि सिंग यांचे भाकीत प्रत्यक्षात यायला वीस-पंचवीस वर्षे लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यास येल विद्यापीठात चाबा होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंपाच्या दाबावर चालणारे द्रव वर्णलेखन उभे केले. तेव्हाचे कण सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचे होते. १९७० च्या दशकात ते १० आणि मग ५ मायक्रॉनवर आले, पुढे ३ मायक्रॉनवर. २००४ मध्ये वॉटर्स कंपनीने १.७ मायक्रॉनच्या कणांचे यंत्र बाजारात आणले. कणाचा व्यास निम्मा केला की तोच प्रवाह ढकलण्यास चौपट दाब लागतो. ५ वरून १.७ मायक्रॉनवर आले म्हणजे, लांबी आणि वेग तोच ठेवल्यास, दाब साडेआठ पटींहून अधिक वाढतो.

त्स्वेत यांच्या खडूच्या स्तंभापासून आजच्या स्तंभापर्यंत आणखी एक बदल झाला आणि गाळणीच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. महागडा स्तंभ आता शेकडो वेळा वापरला जातो. त्याच्या दोन्ही तोंडांशी सच्छिद्र धातूची चकती असते. ५ मायक्रॉन कणांच्या स्तंभात तिची छिद्रे साधारण २ मायक्रॉनची, तर २ मायक्रॉनहून लहान कणांच्या स्तंभात ०.२ मायक्रॉनची असतात. गोळीतील न विरघळलेला स्टार्च किंवा टाल्कचा कण या चकतीत अडकला की दाब चढतो, आलेखातील शिखरे पसरतात किंवा दुभंगतात आणि शेवटी स्तंभ निकामी होतो. म्हणून ३ ते ५ मायक्रॉनच्या स्तंभांसाठी ०.४५ आणि २ मायक्रॉनहून लहान कणांच्या स्तंभांसाठी ०.२ मायक्रॉनची गाळणी वापरण्याचा प्रघात पडला. जीवाणूंसाठी घडवलेली गाळणी अशा रीतीने यंत्राच्या रक्षणासाठी कामाला लागली.

यंत्राचे रक्षण की निकालाचे?

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. गाळणी यंत्राला वाचवते. पण ती निकालालाही वाचवते का? इतिहासातील तिन्ही धडे येथे एकत्र येतात.

पहिला धडा राखेचा. पटल किंवा त्याचे प्लास्टिकचे आवरण द्रावकात अंशतः विरघळून आलेखात परके शिखर उमटवू शकते. सेल्युलोज ॲसिटेटचे पटल पाण्यातील द्रावणांना चांगले. पण ॲसिटोनायट्राइलचे प्रमाण जास्त असेल तर ते टिकत नाही. अशा ठिकाणी पीटीएफई किंवा नायलॉन घ्यावे लागते. पीटीएफईचे साधे पटल मात्र पाणी दूर लोटते. आधी अल्कोहोलने भिजवल्याशिवाय त्यातून पाण्याचे द्रावण उतरत नाही.

दुसरा धडा निसटण्याचा. गाळणीतून नितळ उतरलेले द्रावण पुढेही नितळ राहील, याची खात्री नसते. नमुना एका द्रावकात आणि यंत्रातील प्रवाह दुसऱ्या द्रावकाचा असेल, तर दोन्ही एकत्र येताच अवक्षेप होऊ शकतो. फॉस्फेटयुक्त द्रावणात ॲसिटोनायट्राइल वाढले की क्षार बाहेर पडतात. हा गाळ गाळणीच्या पलीकडे तयार होतो, म्हणून त्यावर कितीही बारीक गाळणीचा उपाय चालत नाही.

तिसरा धडा चिकटण्याचा. नायलॉन प्रथिनांना आणि काही औषधांना धरून ठेवते. समजा, एक गाळणी ५ मायक्रोग्रॅम औषध शोषते. द्रावणात दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम औषध असेल आणि १० मिलिलिटर द्रावण गाळले, तर १,००० पैकी ५ मायक्रोग्रॅम गेले. घट अवघी अर्धा टक्का. पण हीच गाळणी दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम इतक्या विरल द्रावणासाठी वापरली आणि त्यातील १० मिलिलिटर गाळले, तर १० पैकी ५ मायक्रोग्रॅम नाहीसे झाले. घट पन्नास टक्के! औषधातील अशुद्धी नेमक्या अशाच विरल प्रमाणात असतात. मुख्य औषध गाळणीत अडकले तर चांगला माल कमी प्रतीचा ठरतो आणि कारखान्याचे नुकसान होते. अशुद्धी अडकली तर सदोष माल चांगला ठरून रुग्णापर्यंत पोहोचतो. दोन्ही वेळा आलेख सुबक दिसतो आणि यंत्र निर्दोष असते. गाळलेली जागा कोठे आहे, हे कागदावर दिसतच नाही.

यावरील उपाय साधे आहेत. गाळून उतरलेले पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावे. त्यामुळे पटलातून सुटणारे द्रव्य वाहून जाते आणि चिकटण्याच्या जागा भरून जातात. किती टाकावे, हे अंदाजाने नव्हे तर प्रयोगाने ठरवावे. एकाच द्रावणाचा एक भाग गाळून आणि दुसरा भाग वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये निवळून दोन्हींची तुलना करावी. त्याचबरोबर नुसते द्रावक गाळून त्याचा आलेख काढावा. गाळणीचा पदार्थ वा उत्पादक बदलला तर ही परीक्षा नव्याने घ्यावी.

समारोप

एचपीएलसी यंत्र प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही. पण गाळणीचा स्वभाव समजावून देण्यास त्याची गरजही नाही. जीवशास्त्राच्या कपाटातील मेथिलीन ब्लूचे अत्यंत फिकट द्रावण करावे, ते नरसाळ्यातील गाळणकागदातून सोडावे आणि पहिले थेंब व नंतरचे थेंब वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घ्यावे. कागद निळा होतो आणि पहिली नळी मूळ द्रावणापेक्षा फिकट दिसते. द्रावणात एकही घन कण नसताना गाळणीने काय अडवले, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. बर्झेलियस यांची राख, बेयेरिंक यांचा रस आणि मतलबची साडी यांची कथा त्यांना याच वेळी सांगता येईल.

राझीपासून आजपर्यंत गाळणी सतत बारीक होत गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘आता द्रव शुद्ध झाला’ अशी समजूत होऊन ती पुढे मोडली. ती मोडणाऱ्यांनी गाळणे सोडले नाही. गाळणीकडे संशयाने पाहिले, एवढेच. उद्या औषध-कारखान्यात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘द्रावण गाळून घ्यावे’ ही सूचना कोणीही देईल. त्या गाळणीची छाननी करण्याची सवय मात्र त्याला वर्गातच लागली पाहिजे.